‘एकदा क्रूझ करा, पुढचं निम्मं फुकट’: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

दिवाळीच्या सुट्टीची आखणी सुरू झाली की बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर क्रूझबद्दलचा एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत तो सगळ्यांकडे पोचलेला असतो. त्याचा गोषवारा असा: मुंबईहून एक छोटी क्रूझ करा, मेंबर व्हा, तीच मेंबरशिप सिंगापूरच्या मोठ्या जहाजावर चालते आणि केबिन फुकट वरची मिळते. दुसऱ्या माणसाला ६० टक्के सूट, मुलं फुकट. ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला कंपनीनं खात्यात टाकलेली रक्कम) म्हणजे रोख पैसे. पुढची क्रूझ जहाजावरच बुक करा किंवा मग शेवटच्या आठवड्यात करा. बॅगा घरून कुरियरनं थेट जहाजावर पाठवा. येताना माणशी दोन लिटर ड्यूटी-फ्री घेऊन या.

मेसेज अगदीच हवेतून काढलेला नाही. जवळजवळ प्रत्येक वाक्यात कुठली तरी खरी गोष्ट आहे, पण ती दुसऱ्याच देशाची, दुसऱ्याच कंपनीची किंवा अर्धवट सांगितलेली आहे.

‘मुंबईची मेंबरशिप सिंगापूरला चालते.’

चालत नाही. मुंबईहून कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ जहाज सुटतं. १९९० साली ते ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं सेवेत आलं. पुढे सिंगापूरहूनही मोठी जहाजं सोडणाऱ्या रॉयल कॅरिबियन कंपनीचं ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ म्हणून धावलं आणि २०२१ पासून कॉर्डेलियाकडे आहे. जहाज एके काळी रॉयल कॅरिबियनचं होतं, एवढ्यावरून कुणीतरी मेंबरशिपचे पॉइंटही तिकडे जातात असं धरून चाललं असावं. कॉर्डेलिया ही वेगळी भारतीय कंपनी आहे. जहाज विकलं जातं, पॉइंटांचं खातं विकलं जात नाही.

मेंबरशिपच्या पायरीला (म्हणजे दर्जाला) पायरी जुळवून देण्याचा प्रकार आहे, पण ठरावीक जागीच. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या एकाच घराण्यातल्या कंपन्या एकमेकींची पायरी मानतात. एमएससी ही आणखी एक क्रूझ कंपनी दुसऱ्या कंपन्यांची पायरी बघून आपल्याकडे पायरी देते. एमएससीकडे जुने पॉइंट हलत नाहीत, फक्त दर्जा मिळतो. आणि कंपनीच बुडाली तर या सगळ्याला काही अर्थ उरत नाही. स्टार आणि ड्रीम क्रूझेस चालवणारी जेंटिंग हाँगकाँग २०२२ च्या जानेवारीत कोसळली, ते सिंगापूरच्या जुन्या प्रवाशांना आठवत असेल.

‘मेंबर झालात की केबिन वरची.’

इथे आकडे मांडूनच बघू. रॉयल कॅरिबियनच्या ‘क्राउन अँड अँकर’ या मेंबरशिप योजनेत एका रात्रीला एक पॉइंट मिळतो, स्वीट (मोठी, महागडी केबिन) घेतलात तर दोन. पहिल्या सफरीनंतर गोल्ड, ३० पॉइंटांना प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस, ७०० ला पिनॅकल. सांगण्यासारखी सवलत, म्हणजे रोज चार पेयं फुकट, ही डायमंडपासून सुरू होते. आपली मंडळी बहुतेक सिंगापूरची तीन-चार रात्रींची सफर करतात. चार रात्रींच्या हिशेबानं प्लॅटिनमलाच आठ सफरी लागतात, डायमंडला वीस. वर्षाला एक म्हटली तर वीस वर्षं. नवरा-बायको एकाच पत्त्यावर राहत असतील तर दोघांतली वरची पायरी दोघांना लागू होते, हाच काय तो दिलासा. एकट्यानं जाऊन दोघांचं भाडं भरणाऱ्याला रात्रीमागे एक पॉइंट जास्त मिळतो. पण पॉइंटांसाठी दुप्पट भाडं कोण भरणार?

आणि वरची केबिन पायरीवर मिळतच नाही. तिथे बोली लागते, तिचं नाव रॉयलअप. बोलीचा आकडा माणशी असतो आणि केबिनमधल्या पहिल्या दोघांना लावला जातो. ‘दीडशे डॉलर’ लिहिलंत आणि बोली लागली, तर कार्डावरून तीनशे जातात. एकटे असलात तरीही. बोलीतून स्वीट मिळाला तरी पॉइंट मूळ केबिनचेच जमा होतात. बाल्कनीची जागा कुठे, लिफ्टजवळ की नाइटक्लबच्या खाली, ते निवडता येत नाही. झोप सावध असलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर बोलीच्या भानगडीत न पडलेलं बरं.

मेसेजमध्ये नसलेली, पण पॉइंट खरोखर बुडवणारी एक गोष्ट म्हणजे नाव. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं. एका एजंटनं ते घालून बुकिंग केलं, दुसऱ्यानं वगळून केलं, की दोन मेंबर नंबर तयार होतात आणि पॉइंट दोन खात्यांत विभागले जातात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं हे हमखास होतं. बुकिंगच्या वेळी जुना नंबर लिहून द्या. दोन नंबर झालेच असतील तर दोन्ही बुकिंग क्रमांक आणि पासपोर्टचं पहिलं पान पाठवून कंपनीकडून खाती एकत्र करून घ्या. सफर संपल्यावर मिळणारं अंतिम बिल पॉइंट दिसेपर्यंत फेकू नका.

‘दुसऱ्याला ६० टक्के सूट, मुलं फुकट.’

पहिल्याचं भाडं ५०,००० रुपये धरा. दुसऱ्याचं ६० टक्के उतरून २०,००० झालं. दोघांचे ७०,०००, म्हणजे केबिनवर ३० टक्के सूट. तीही फक्त भाड्यावर. बंदराचं शुल्क, कर आणि टिप यांवर सूट नाही, आणि ‘फुकट’ मुलांनाही हे तिन्ही लागतात. मूळ भाडं सुटीच्या तारखांना कितीवर नेऊन ठेवायचं, हे कंपनीच्याच हातात असतं. त्यामुळे टक्के बघण्यात अर्थ नाही. दोन एजंटांकडून एकाच तारखेचा, एकाच दर्जाच्या केबिनचा, सगळं धरून केबिनचा एकूण आकडा लेखी मागा. टीसीएस (परदेशी सहलीच्या पैशांबरोबर एजंट आगाऊ घेतो तो आयकर) कापला असेल तर तो वेगळा दाखवायला सांगा. तो खर्च नाही, आयकरात वळता होतो. पण ज्याचा पॅन दिलात त्याच्याच आयकर खात्यात दिसतो. आजोबा रिटर्न भरत नसतील तर त्यांचा पॅन देऊ नका, नाहीतर ते पैसे परत मिळवायला रिटर्न भरावं लागेल.

‘ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे रोख.’

दोन जाती आहेत. एक परत मिळणारं, एक न मिळणारं. सवलतीपोटी दिलेलं क्रेडिट बहुतेक दुसऱ्या जातीचं असतं: शेवटच्या रात्रीपर्यंत खर्च केलं नाहीत की गेलं, आणि कॅसिनोत सहसा वापरता येत नाही. शिवाय ते माणशी नसतं, केबिनमागे असतं. शेवटच्या संध्याकाळी टी-शर्ट आणि कॉफीचे मग घेणाऱ्यांची दुकानात जी गर्दी होते ती यामुळेच.

त्यातली शहाणी वाट म्हणजे क्रेडिट टिपेत वळवणं. रॉयल कॅरिबियनवर साध्या केबिनची टिप २०२४ च्या शेवटी माणशी दिवसाला १८.५० डॉलर झाली. चौघं, चार रात्री: २९६ डॉलर. त्यातून शंभर डॉलरचं क्रेडिट आपोआप वजा होऊ शकतं, पण टिप आधीच भरून टाकलीत तर ते रिकामं पडून राहतं. बडोद्यात शेअर हा घरगुती विषय म्हणून एक जाता जाता: या कंपनीचे किमान १०० शेअर असले तर पाच रात्रींपर्यंतच्या सफरीला केबिनमागे ५० डॉलर क्रेडिट मिळतं. तेवढ्यासाठी शेअर घेणारा भेटला तर त्याला आधी शेअरचा भाव विचारा.

‘जहाजावर बुक करा, तिथेच सगळ्यात स्वस्त.’

भाडं बाहेर असतं तेच असतं, वर थोडं क्रेडिट मिळतं. बघायचं ते डिपॉझिट. परत न मिळणारं असेल तर रॉयल कॅरिबियनवर तारीख किंवा जहाज बदलताना माणशी १०० डॉलर कापले जातात. मुलांच्या परीक्षेचं वेळापत्रक लागलेलं नसताना चौघांचं असं बुकिंग म्हणजे ४०० डॉलरची टांगती तलवार. जहाजावरच्या बुकिंगच्या टेबलावर तीन गोष्टी विचारा: डिपॉझिट परत मिळतं का, अंतिम पैसे भरण्याआधी भाडं उतरलं तर नवा भाव मिळतो का, आणि बुकिंग आपल्या बडोद्याच्या एजंटाच्या नावावर घालता येतं का. तिसरं विसरलात तर पुढची प्रत्येक दुरुस्ती परदेशी कॉल सेंटरशी बोलून करावी लागते. कार्डावर डॉलरमध्ये पैसे जातात, तेव्हा बँकेचा मार्कअपही (परकीय चलनावरचा जादा आकार) हिशेबात धरा.

‘नाहीतर शेवटच्या आठवड्यात.’

रॉयल कॅरिबियनच्या चार रात्रींपर्यंतच्या सफरीचे पूर्ण पैसे ७५ दिवस आधी, त्याहून लांब असेल तर ९० दिवस आधी भरायचे असतात. न भरलेल्या केबिन त्यानंतर पुन्हा विक्रीला येतात. भाव उतरायचा असेल तर तो इथून पुढे, आणि तोही सुटी नसलेल्या तारखांना. निवृत्त जोडप्याला, पासपोर्ट-व्हिसा तयार असेल तर, हा सौदा खरंच जमू शकतो.

चौघांच्या कुटुंबाला नाही. चौघं झोपतील अशा केबिन मुळात थोड्या. शिवाय जहाजाच्या प्रत्येक भागातली माणसं लाइफबोटींच्या क्षमतेत बसावी लागतात, म्हणून केबिन रिकामी दिसत असतानाही तिसरा-चौथा प्रवासी घेणं बंद होतं. शिवाय सिंगापूरचा व्हिसा. सफर मलेशियातलं पिनांग करून सिंगापूरलाच परत येते, म्हणजे दोनदा प्रवेश. व्हिसावर एकाच प्रवेशाची नोंद असेल तर अडचण होते, तेव्हा प्रिंट हातात आल्याबरोबर तेवढं तपासा.

‘बॅगा कुरियरनं थेट जहाजावर.’

या मुद्द्यावर पैसेही जातात आणि सहलही. अमेरिकेत अशी सेवा आहे. लगेज फॉरवर्डसारख्या कंपन्या घरून बॅग उचलून जहाजाच्या केबिनपर्यंत पोचवतात, आणि काही अमेरिकी बंदरांवर उतरताना बॅग थेट देशांतर्गत विमानाला चेक-इन होते. मेसेज लिहिणाऱ्यानं तेच वाचून बडोद्याला लावलंय.

इथून साध्या कुरियरनं काय होतं ते बघा. आंतरराष्ट्रीय कुरियर काट्यावरचं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणायची आणि ५,००० नं भागायचं. चाकं आणि हँडल धरून मोठी बॅग ७८ × ५२ × ३२ भरते. भागाकार येतो २६ किलो. आत १४ किलो कपडे असले तरी पैसे २६ किलोंचेच, जायचे वेगळे आणि यायचे वेगळे. तेवढ्याच बॅगेला सिंगापूर एअरलाइन्सच्या इकॉनॉमीत २५ किलोंपर्यंत तिकिटातच जागा आहे, आणि अहमदाबादहून त्यांचं थेट विमान आहे.

पैसे सोडा, वेळेचं काय? जहाज सकाळी लागतं आणि त्याच दिवशी सुटतं. बॅगेच्या यादीत नुसतं ‘जुने कपडे’ लिहिलं, नग आणि किंमत लिहिली नाही, तर ती कस्टममध्ये अडकते. तिथे एक दिवस गेला की जहाज निघून गेलेलं असतं. आधी पोचली तरी घेणार कोण? बंदरावर प्रवाशाच्या नावानं आलेलं पार्सल जहाजाचे कर्मचारी असंच ताब्यात घेत नाहीत. त्याला पोर्ट एजंट (बंदरावर जहाजाची कामं बघणारा) लागतो आणि तो त्याची फी लावतो. पॉवर बँक कुरियरमध्ये घालायची नाही, लोणच्याची बरणी आणि अत्तर बहुधा परत येतं. प्रवास विम्यातलं सामानाचं कलम बहुतेक पॉलिसींत विमानात चेक-इन केलेल्या बॅगेपुरतं असतं, कुरियरमध्ये हरवलेल्या बॅगेला नाही. येताना कुरियरनं पाठवलंत तर कस्टमची शुल्कमाफीही वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंपुरतीच मिळते. नवी खरेदी त्यात घालू नका.

मुंबईहून जाणाऱ्यांना तर कुरियरची गरजच नाही. एसी चेअर कार आणि थ्री-टायरला माणशी ४० किलो, टू-टायरला ५० किलो सामान फुकट नेता येतं. बॅग पार्सल ऑफिसातून ब्रेकव्हॅनमध्ये टाकायचा मोह टाळा. बडोदा मधलं स्टेशन आहे, गाडी काही मिनिटं थांबते, आणि राहिलेली बॅग मागच्या गाडीनं येते तेव्हा तुम्ही समुद्रात असता. आदल्या दिवशी मुंबई गाठा. मुंबई सेंट्रलहून बॅलार्ड पियर टॅक्सीनं जवळ आहे.

बंदरावर बॅग दिल्यावर ती केबिनपाशी यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून पासपोर्ट, व्हिसा, औषधं, चष्मा, चार्जर आणि पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. डेक आणि केबिन नंबर छापलेला टॅग घरीच घडी घालून स्टेपल करा, वर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि विमानाचे जुने टॅग काढून टाका. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड स्कॅनरवर दिसलं की बॅगच अडते. घरचे थेपले नकोत, पण लीलो चिवडा किंवा जगदीशच्या भाकरवडीची सीलबंद पाकिटं चालतात. शेवटच्या रात्री अकराच्या सुमारास बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. तेव्हा सकाळचे कपडे बाजूला काढा. नाइट सूटमध्ये नाश्त्याला आलेली मंडळी दर सफरीला दिसतात.

‘येताना माणशी दोन लिटर.’

कस्टमच्या नियमात दोन लिटर बसतात, हे खरं. जहाजावर घेतलेली बाटली शेवटच्या रात्रीपर्यंत जहाजवाल्यांकडेच राहते आणि मग हातात मिळते. पण कस्टमची सूट केंद्राची आहे आणि दारूबंदी गुजरातची. परमिटशिवाय बाटली बाळगणं आणि वाहून नेणं इथे गुन्हा आहे, पावती ड्यूटी-फ्रीची असली तरी. अहमदाबादऐवजी मुंबईला उतरून रेल्वेनं आलात तर घोलवडपर्यंत महाराष्ट्र आहे, उमरगाव रोडपासून गुजरात. घ्यायचीच असेल तर बोरिवलीच्या मावशीकडे ठेवून या.