पाचशे प्रश्नांची पीडीएफ आणि एनआयएसएमची परीक्षा

सोलापुरातल्या म्युच्युअल फंड वितरकांच्या, विमा एजंटांच्या आणि बँकेत चिकटू पाहणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. विषय एनआयएसएमच्या परीक्षांचा. ही शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची संस्था, आणि फंड विकायला किंवा ब्रोकरकडे काम करायला तिची परीक्षा पास व्हावी लागते. मजकूर साधारण असा: "एनआयएसएमला पुस्तक वाचत बसू नका. सोबतची पाचशे प्रश्नांची पीडीएफ दोन दिवस पाठ करा, तेच प्रश्न येतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, पन्नास पडले की पास. गणितं सोडून द्या. एकदा पास झालात की आयुष्यभराची कटकट मिटली." दत्त चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत जो तो "सर, ती पीडीएफ पाठवा की" म्हणतोय. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

आधी त्यातलं खरं ते मान्य करू. म्युच्युअल फंड विकायला लागणाऱ्या सिरीज फाइव्ह-ए परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग खरंच नाही. १०० प्रश्न, १२० मिनिटं, पासिंग ५० टक्के. चार पर्यायांतला एक डोळे झाकून निवडला तरी सरासरी चारांत एक बरोबर येतो. हिशोब मांडला तर ३४ प्रश्नांची उत्तरं पक्की येत असतील आणि उरलेली ठोकून दिली, तरी गाडी पन्नाशीला टेकते. या परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडू नये, हा सल्ला मीही देतो.

गोची अशी की मेसेज नुसतं 'एनआयएसएम' म्हणतो आणि परीक्षेचं नावच घेत नाही. ब्रोकरकडे इक्विटी डेरिव्हेटिव्हजच्या (शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या) टर्मिनलवर बसायचं असेल तर सिरीज आठ द्यावी लागते. तिथे पासिंग ६० टक्के आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. तोच हिशोब इथे मांडला तर ५८ उत्तरं पक्की हवीत. कुठे ३४, कुठे ५८! एकच मेसेज वाचून दोन्हीकडचे उमेदवार तयारी करतायत, आणि सिरीज आठवाल्याला ते केंद्रावर पडद्यावरच्या सूचना वाचताना कळतं.

आता मुख्य दावा: 'तेच प्रश्न येतात'. प्रश्न मोठ्या साठ्यातून निवडले जातात, शेजारच्या मशीनवर बसलेल्याला तुमचाच संच येत नाही. पण त्याहून मोठा धोका म्हणजे पीडीएफचं वय. माझ्यापर्यंत आलेली प्रत चाळली तर त्यात रिस्कोमीटरच्या, म्हणजे फंडाची जोखीम दाखवणाऱ्या मोजपट्टीच्या, पाच पातळ्या आहेत. जानेवारी २०२१ पासून त्या सहा आहेत, 'अतिशय जास्त' ही पातळी तेव्हा आली. इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर एक लाखाच्या वर १० टक्के कर, असं उत्तर ठळक अक्षरात दिलंय. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला तो सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के आहे, आणि अल्पकालीन नफ्यावर १५ ऐवजी २० टक्के. 'डिव्हिडंड ऑप्शन' हे नावही तसंच ठेवलंय. एप्रिल २०२१ पासून त्याला आयडीसीडब्ल्यू (इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल) म्हणतात. सगळ्यात घातक प्रश्न एनएव्हीचा, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या त्या दिवसाच्या किमतीचा. दोन लाखांच्या आतल्या रकमेला दुपारी तीनच्या आत अर्ज दिला की त्याच दिवसाची एनएव्ही, असं त्यात आहे. १ फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम कितीही असो, पैसे वेळेत फंडाच्या खात्यात पोचलेले असावे लागतात.

हे पाठ केलेलं उत्तर परीक्षेत एक गुण घालवेल, तो सोसता येईल. पण उद्या पूर्व भागातला एखादा यंत्रमागवाला दुपारी अडीचला चेक हातात देईल आणि तुम्ही त्याला "आजची एनएव्ही मिळणार" असं छातीठोक सांगाल, तेव्हा काय? चेक वटून पैसे पोचतील त्या दिवसाची एनएव्ही लागेल, आणि तो पुढच्या आठवड्यात स्टेटमेंट घेऊन दारात उभा राहील. त्याला पीडीएफ दाखवून भागत नाही.

पाचवी-सहावी वेळ सांगतो तरी लोक विचारत नाहीत ती गोष्ट: एनआयएसएमचं वर्कबुक (परीक्षेचं अधिकृत पुस्तक) कोणत्या महिन्याचं आहे ते पहिल्या पानांतच छापलेलं असतं. आधी ते बघा. मित्राने मागच्या खेपेला वापरलेली प्रत कितीही आपुलकीने दिली तरी नको.

'पुस्तक वाचू नका' यात मात्र एक अर्धवट शहाणपण दडलंय. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत राहणं ही खरोखर कमकुवत पद्धत आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे प्रश्न सोडवणं चांगलंच, पण धडा वाचून झाल्यावर, पुस्तक मिटून, आणि चुकलेला प्रश्न चार दिवसांनी पुन्हा घेऊन. उत्तर आधी बघून प्रश्न वाचला तर त्याला सराव म्हणत नाहीत.

आपल्याकडे त्याची एक सोपी रीत आहे. इथल्या कितीतरी पोरांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी आणि हातात इंग्रजी वर्कबुक. एक्झिट लोड (लवकर पैसे काढले तर होणारी कपात), एक्सपेन्स रेशो (फंड चालवायचा खर्च), ट्रस्टीचं काम, जे वाचलं ते रात्री घरच्या भाषेत आईला किंवा भावाला सांगा. आई "म्हणजे माझे पैसे कापतात व्हय?" असं विचारते तिथे तुमचं कच्चं राहिलेलं सापडतं. ग्राहकही नेमकं तेच विचारणार आहे.

'गणितं सोडा' हे तर हातातले गुण फेकून देणं आहे. एनएव्ही ५० आणि एक्झिट लोड १ टक्का, तर हातात युनिटमागे ४९.५०. लाखाचे दोन वर्षांत एक लाख एकवीस हजार झाले, तर चक्रवाढ दर १० टक्के. घाईत २१ ला दोनाने भागणाऱ्यासाठी १०.५ हा पर्याय शेजारीच ठेवलेला असतो. कॉमर्सच काय, आर्ट्सवाल्यालाही यातलं काही जड नाही.

दोन दिवसांत होतं का? बँकेत दहा वर्षं फंड विकलेल्याचं होईलही. नवख्याने रोज तास-दीड तास धरून महिनाभर द्यावा. नापास झालात तर १,५०० रुपये फी आणि त्या फीवरचा कर पुन्हा भरायचा आहे.

आणि आयुष्यभराची कटकट मिटत वगैरे नाही. फाइव्ह-एचं प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं. मुदत संपायच्या आत सीपीईचा (उजळणीच्या प्रशिक्षणाचा) वर्ग केला तर ते पुढे चालू राहतं. ती तारीख हुकली की पुन्हा फी आणि पुन्हा १०० प्रश्नांची परीक्षा.