पॅनेल नेमावं, पण बसू देऊ नये

करारातले भाव, मुदती, दंड आणि हमी यांवर महिनोन्महिने घासाघीस करावी, आणि वाद झाला तर तो कोणी सोडवायचा हे कलम मात्र सह्यांच्या आदल्या रात्री, सगळे पेंगुळलेले असताना, मागच्या कुठल्यातरी करारातून उचलून चिकटवावं, ही जगभरच्या वकिलांची जुनी आणि पूज्य प्रथा आहे. तुम्ही ती मोडायला जाऊ नका. सहीच्या तोंडावर वादाचा विषय काढणं अशुभ असतं. शिवाय वाद सोडवणाऱ्या पॅनेलचं हे कलम नीट लिहिलं तर पुढे वाद मिटण्याचा धोका संभवतो, आणि वाद मिटला की ज्याच्याकडून पैसे येणे आहेत त्याला ते खरोखर द्यावे लागतात. तुम्ही देणेकऱ्यांत मोडत असाल, किंवा पुढेमागे मोडण्याची शक्यता असेल, तर पुढचं लक्ष देऊन वाचा.

सुरुवात व्याख्येपासून. व्याख्यांच्या कलमात लिहा, ‘पॅनेल म्हणजे कलम 27 खाली स्थापन झालेलं पॅनेल’. मग कलम 27 मध्ये लिहा, ‘वाद उद्भवल्यास तो व्याख्येत नमूद केलेल्या पॅनेलकडे सोपवला जाईल’. दोन कलमं एकमेकांकडे बोट दाखवून उभी राहिली की वाचणाऱ्याला वाटतं, नक्की काय ते तिसरीकडे कुठेतरी लिहिलेलं असणार. शब्द एकच ठेवून अर्थ फिरता ठेवण्याचीही सोय आहे, आणि तिला थोरामोठ्यांचा आधार आहे. गुंतवणुकीच्या वादांसाठी 1965 साली झालेल्या इक्सिड करारात पॅनेल म्हणजे नावांची यादी. सदस्य देशाला लवादांच्या, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्या पंचांच्या, यादीत चार नावं घालता येतात, संस्थेच्या अध्यक्षांना दहा. त्यातला एकही माणूस उद्या तुमच्या प्रकरणावर बसेलच असं नाही. जागतिक व्यापार संघटनेत मात्र पॅनेल म्हणजे प्रत्यक्ष प्रकरण ऐकणारी तीन माणसं. प्रत्येकाने आपापल्या दस्तऐवजात एकच अर्थ धरला, हा त्यांचा कोतेपणा. तुम्ही एकाच करारात दोन्ही धरा: कलम 3 मध्ये यादी, कलम 27 मध्ये निवाडा देणारे, आणि परिशिष्टात तांत्रिक सल्लागारांची समिती.

करार सौर पॅनेलांच्या पुरवठ्याचा असेल तर सोन्याहून पिवळं. ‘पॅनेल सदोष आढळल्यास पुरवठादाराने ते 30 दिवसांत स्वखर्चाने बदलून द्यावं’ हे वाक्य नेमक्या कोणत्या पॅनेलला लागू, यावरच पहिलं वर्ष निघेल.

सदस्यसंख्येत फार डोकं घालू नका; इथली गंमत कायद्यांनी बरीच घालवली आहे. पूर्वी ‘दोन लवाद’ एवढं लिहिलं की एक इकडे, एक तिकडे, आणि प्रकरण जागच्या जागी. इंग्लंडच्या 1996 च्या लवाद कायद्याने समसंख्या लिहिलेली दिसली की त्यात एक अध्यक्ष आपणहून मिळवला. भारताच्या त्याच वर्षीच्या कायद्यानेही संख्या सम नसावी असं म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगून टाकलं की दोन लिहिले म्हणून करार बाद होत नाही, ते दोघे तिसरा नेमतील. तेव्हा संख्या लिहूच नका. युन्सिट्राल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-कायदा आयोगाच्या 1985 च्या आदर्श कायद्यानुसार अशा वेळी तीन लवाद, इंग्लंड आणि भारतात एक. मात्र लवादाचं कायदेशीर ठिकाणही मोघम ठेवायला विसरू नका, नाहीतर पुन्हा उत्तर सापडतं. दोन्ही मोघम ठेवलं की आधी कायदा कुठला, मग माणसं किती, मग ती कोण, अशी भांडणांची रांग लागते आणि मूळ भांडणाचा नंबर चौथा येतो.

खरा रस आहे तो नेमणुकीच्या अधिकारात. निवाड्यात काय लिहिलं जाईल याची चिंता भोळ्या माणसांनी करावी. जाणते फक्त एवढंच बघतात की निवाडा लिहिणारा कोणी नेमला. ‘आमचे व्यवस्थापकीय संचालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती एकमेव लवाद राहील’ हे वाक्य भारतातल्या कंत्राटांत कित्येक दशकं सुखाने नांदलं. ज्या खात्याने बिल अडवलं, त्याच खात्याचा मोठा अधिकारी बिल अडवणं योग्य होतं का ते ठरवायचा. घरातल्या घरात काम, बाहेरच्यांना त्रास नाही. मग 2015 च्या दुरुस्तीने कायद्याला सातवी अनुसूची जोडली आणि पक्षकाराचा नोकर लवाद म्हणून अपात्र ठरवला. ठीक आहे, साहेब स्वतः बसणार नाहीत, नुसते नेमतील, असं म्हणावं तर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्याला स्वतः बसता येत नाही त्याला दुसऱ्याला बसवताही येत नाही. 2019 मध्ये तेच आणखी ठणकावून सांगितलं.

कसलेला कलमबहाद्दर एवढ्याने खचत नाही. त्याने पॅनेल काढलं. नेमणूक आम्ही करत नाही हो, आम्ही फक्त यादी ठेवतो. समोरच्याने त्यातून हवा तो निवडावा, पूर्ण स्वातंत्र्य आहे. यादीत कोण? आमचेच निवृत्त अभियंते. दिल्ली मेट्रोच्या 2017 च्या प्रकरणात कंत्राटदाराला निवडीसाठी यादीतली पाच नावं दिली गेली होती. न्यायालय म्हणालं, निवड सबंध यादीतून करू द्या, आणि यादीत निवृत्त सरकारी अभियंत्यांशिवाय इतर क्षेत्रांतली माणसंही घ्या. शेवटी 8 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने निर्णय दिला की सरकारी उपक्रमांनी यादी खुशाल ठेवावी, पण त्याच यादीतून निवडण्याची सक्ती समोरच्यावर करता येणार नाही. समानता नेमणुकीच्या टप्प्यालाही लागू. म्हणजे यादी राहिली, जोर गेला. तरी निराश होऊ नका. ‘सक्ती’ काढून ‘विनंती’ लिहा. पुढचं कंत्राट ज्याला हवं आहे, तो विनंतीला मान देतो.

मोठ्या पल्ल्याचं काम करायचं असेल तर नाफ्टा या उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराचा विसावा अध्याय उशाशी घेऊन झोपा. 1994 साली लागू झालेल्या या करारात अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी पाच जणांच्या पॅनेलची अशी रचना केली की वाचताना ऊर भरून यावा. तिन्ही देशांनी सहमतीने 30 पर्यंत नावांची यादी करायची. अध्यक्षावर एकमत झालं नाही तर तो कोणी निवडायचा हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. मग प्रत्येक बाजूने दोन सदस्य निवडायचे, तेही समोरच्या देशाचे नागरिक, म्हणजे पक्षपाताला जागाच नको. कोणी निवडलेच नाहीत तर यादीतून चिठ्ठी काढायची. प्रत्येक अडचणीला उत्तर होतं, फक्त यादी नव्हती. ती सहमतीने व्हायची होती आणि वर्षानुवर्षं झालीच नाही. मेक्सिकोने साखरेच्या वादात 2000 साली पॅनेल मागितलं, अमेरिकेने आपले सदस्य नेमले नाहीत, आणि चिठ्ठी काढायची तर डब्यात चिठ्ठ्याच नाहीत. ते पॅनेल कधीच बसलं नाही. या अध्यायाखाली 2020 पर्यंत पूर्ण कामकाज झालेली पॅनेलं तीन. एकही नियम मोडावा लागला नाही, हे सौंदर्य लक्षात घ्या. त्यानंतरच्या नव्या करारात, कोणी नावं दिली नाहीत तरी यादी अडत नाही अशी तरतूद केली, रसिकता संपली.

‘सहमतीने’ हा शब्द म्हणूनच जपून ठेवा, वरच्या मजल्यावरही तो उपयोगी पडतो. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळात सात जागा, प्रत्येक अपील ऐकायला तिघे हवेत, आणि सदस्यांची नेमणूक सहमतीने. अमेरिकेने सहमती द्यायचं थांबवलं, आणि डिसेंबर 2019 मध्ये मंडळावर एक सदस्य उरला. याच संघटनेने खालच्या पॅनेलबाबत मात्र घोडचूक करून ठेवली आहे: 20 दिवसांत सदस्यांवर एकमत झालं नाही तर कोणत्याही एका बाजूच्या विनंतीवरून महासंचालक पुढच्या 10 दिवसांत नेमणूक करतात. तिथे पॅनेलं बसतात. असली मुदत आणि असला बाहेरचा माणूस तुमच्या करारात चुकूनही येऊ देऊ नका.

पात्रतेचे निकष भरगच्च लिहा. इंग्लंडमध्ये 1981 च्या एका संयुक्त व्यवसायाच्या करारात अट होती की लवाद इस्माइली समाजातले प्रतिष्ठित, समाजात उच्च पद भूषवणारे असावेत. एका भागीदाराने बाहेरचा लवाद नेमला. अट भेदभावाची आहे की नाही हे ठरवता ठरवता प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 2011 मध्ये अट वैध ठरली. एका विशेषणातून एवढं निघतं. तुम्ही ‘या क्षेत्रातला 25 वर्षांचा अनुभव’ आणि ‘या क्षेत्रातल्या कोणाशीही कधीही संबंध आलेला नसावा’ या दोन अटी एकाखाली एक घाला.

पक्ष दोनच असतील असं गृहीत धरूनच कलम लिहा, पक्ष तीन असले तरी. ‘प्रत्येक बाजू एक लवाद नेमेल’ वाचायला किती सुटसुटीत! सीमेन्स, बीकेएमआय आणि डट्को या तीन कंपन्यांच्या करारात डट्कोने दोघांवर दावा लावला, तेव्हा त्या दोघांना मिळून एकच नाव द्यावं लागलं. त्यांनी ते निषेध नोंदवून दिलं. 1992 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लवाद नेमताना पक्षकारांना समान हक्क हवा, आणि वाद उभा राहण्याआधी तो सोडून देता येत नाही. पॅनेल नेमलं गेलं, बसलं, आणि त्याच्या पायाखालचीच जमीन गेली. हा परिणाम ठरवून साधणं अवघड आहे, निष्काळजीपणाने सहज साधतो.

संस्थेचं नाव घालायचं झालं तर एकीचं घाला आणि नियम दुसरीचे घाला. इन्सिग्मा आणि ऑल्स्टॉम या कंपन्यांनी तसं केलं होतं: सुनावणी सिंगापूरच्या लवाद संस्थेपुढे, नियम पॅरिसच्या आयसीसीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे. 2009 मध्ये सिंगापूरच्या न्यायालयाने ते कलमसुद्धा वैध धरलं. आयसीसीने 2012 च्या नियमांत लिहून टाकलं की आमचे नियम चालवणार ते आम्हीच. असल्या कलमांना आयसीसीच्या लवाद न्यायालयाचे सरचिटणीस राहिलेल्या फ्रेदेरिक आइझेमान यांनी 1974 मध्ये ‘रोगट’ म्हटलं होतं. डॉक्टरांनी औषध शोधलं म्हणून रोगाने हार मानलेली नाही, एवढंच सांगतो.

एवढं करूनही पॅनेल बसलंच, तर निर्णय कसा घ्यायचा ते लिहू नका. तिघांनी तीन आकडे काढले तर काय? आयसीसीच्या नियमांत बहुमत न झाल्यास अध्यक्ष एकटा निर्णय देतो. तुमच्या करारात तिघांना बसू द्या एकमेकांकडे बघत. मात्र प्रकृती तपासून माणसं निवडा. हेगच्या इराण-अमेरिका दावे न्यायाधिकरणात 1984 साली दोन इराणी न्यायाधीशांनी स्वीडनच्या निल्स मॅनगार्ड या सहकारी न्यायाधीशांवर हात टाकला होता. बहुमताचा तोही एक मार्ग.

निर्णयाच्या परिणामाबद्दल लिहायचंच असेल तर ‘बंधनकारक, पण अंतिम नाही’ असं लिहा. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या बांधकाम करारांत वाद-मंडळाच्या निर्णयाला हाच दर्जा आहे: आधी पाळा, मग हवं तर लवादाकडे जा. इंडोनेशियातल्या एका गॅस वाहिनीच्या कामात मंडळाने नोव्हेंबर 2008 मध्ये कंत्राटदाराच्या बाजूने सुमारे 1 कोटी 73 लाख डॉलरचा निर्णय दिला. ‘आधी पाळा’ याचा अर्थ खरोखर आधी पाळा असाच होतो का, हे सिंगापूरच्या अपील न्यायालयाने मे 2015 मध्ये सांगितलं. होतो म्हणाले. साडेसहा वर्षं पैसे मात्र कंत्राटदाराच्या खात्याबाहेर हवा खात होते.

आणि हो, करार रद्द झाला तर हे कलमही संपेल अशी भीती बाळगू नका. लवादाचं कलम करारापासून वेगळं, स्वतंत्र मानलं जातं. करार मोडला, संपला, अगदी मुळातच अवैध ठरला, तरी ते आपल्या पायांवर उभं राहतं. आदर्श कायद्याच्या सोळाव्या कलमात तसं स्पष्ट आहे. भाव, मुदती, दंड, हमी, ज्यांच्यासाठी महिनोन्महिने घासाघीस झाली, ते सगळं निकालात निघाल्यावरही रात्री दोन वाजता चिकटवलेला हा परिच्छेद शिल्लक राहणार आहे. तेव्हा निदान त्यातलं मागच्या करारातल्या कंपनीचं नाव तेवढं बदलून घ्या.