'शून्यापासून' या शब्दाबद्दल

नमस्कार सर,

('सर' सवयीने येतं, चालवून घ्या.)

हवाई दलातून बाहेर पडणाऱ्या एटीसी कंट्रोलरबद्दल (टॉवरमधून विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांबद्दल) मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून उत्तर द्यायला चार दिवस लावले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याच्या लोहगाव विमानतळावर प्रवासी विमानंसुद्धा हवाई दलाचेच कंट्रोलर उतरवतात, तेव्हा हवाई दलातून बाहेर पडलेल्याला 'शून्यापासून सुरुवात करावी लागते' हे माझं वाक्य बिनबुडाचं आहे. अमेरिकेत तर लष्करातल्या कंट्रोलरना सरळ नोकरीवर घेतात. आणि मी स्वतः दहा वर्षं गणवेशात मिरवून आता तुमच्या मुलीसारख्या एएफकॅट (हवाई दलाची अधिकारी भरतीची परीक्षा) देणाऱ्या पोरींना घाबरवते आहे.

लोहगावबद्दल तुमचं बरोबर आहे. मी लेखात लष्करी एटीसी म्हणजे जणू फक्त लढाऊ विमानांचं काम, असं चित्र उभं केलं. ते चुकलं. एकच धावपट्टी, चार सुखोई सरावाहून इंधन मोजून परत येतायत आणि त्याच वेळी दिल्लीहून आलेलं भरलेलं एअरबस धावपट्टीच्या सरळ रेषेत, उतरायच्या शेवटच्या टप्प्यावर. कोणाला आधी घ्यायचं, कोणाला आणखी एक चक्कर मारायला लावायची, हे ठरवायला काही सेकंद मिळतात. ही धावपट्टी कोणाची आहे हे बऱ्याच पुणेकरांना ऑक्टोबर २०२१ मध्ये कळलं, डागडुजीसाठी चौदा दिवस विमानतळ बंद राहिला तेव्हा! नुसत्या प्रवासी विमानतळावर काम केलेल्याला ही सरमिसळ सहसा बघायला मिळत नाही. थोडक्यात, अनुभव कमी पडतो असं मी म्हणत नाही.

पण सर, तुम्ही अनुभव आणि रेटिंग (एखाद्या जागी एकट्याने काम करायची अधिकृत परवानगी) एकच धरलंत, आणि सगळी गल्लत तिथे आहे.

कंट्रोलरचं रेटिंग त्या-त्या जागेचं असतं. मुंबईत पंधरा वर्षं काढलेल्या विमानतळ प्राधिकरणाच्या कंट्रोलरची नागपूरला बदली झाली, तर तोही तिथे पुन्हा प्रशिक्षकाच्या शेजारी बसतो, तिथले मार्ग आणि अडथळे पाठ करतो, परीक्षा देतो आणि मगच एकटा माइक हातात घेतो. गोव्यातच बघा. दाबोळीला नौदलाचे कंट्रोलर, जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मोपाला प्राधिकरणाचे. राज्य एकच, पण इकडचा तिकडे जाऊन बसू शकत नाही. शिवाय रेटिंग नासतं. काम थांबलं की ते रद्द व्हायची मुदत ठरलेली असते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती सहा महिन्यांच्या वर नेता येत नाही. म्हणजे गणवेश उतरवून 'जरा घराकडे बघू' म्हणून वर्षभर थांबलेल्या बाईकडे अनुभव सगळा असतो आणि चालू रेटिंग एकही नसतं. मी थांबले होते. चौदा महिने.

एक गोष्ट मूळ लेखात लिहायचं टाळलं होतं, आता सांगते. मला सगळ्यात चांगलं काय येत होतं? पीएआर, म्हणजे रडारवर बघून विमान उतरवणं. ढग खाली आलेले, पाऊस, वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. आपल्यासमोर रडारचे दोन पडदे, एकावर उंची, एकावर दिशा, आणि आपण बोलून-बोलून त्याला खाली आणायचं. सुरुवातीलाच त्याला सांगायचं की यापुढे उत्तर देऊ नकोस. मग फक्त आपला आवाज. किंचित डावीकडे, आता मध्यरेषेवर, उतार बरोबर, थोडा वर आहेस. पाच सेकंदांपेक्षा जास्त शांतता ठेवायची नाही, कारण शांतता झाली की त्याला वाटणार रेडिओ गेला. शिंक आली तरी गिळायची. ज्या दिवशी असं विमान उतरायचं त्या दिवशी मेसमधला चहासुद्धा वेगळा लागायचा.

बहुतेक मोठ्या प्रवासी विमानतळांवर आयएलएस असतं, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीची वाट दाखवणारी यंत्रणा. वैमानिक आपल्या काट्यांवर उतरतो, असा आवाज कोणाला लागत नाही. एका खासगी कंपनीच्या मुलाखतीत मी हे सगळं रंगवून सांगितलं. समोरच्या तरुणाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओके मॅडम, पण तुमच्या हाताखाली माणसं किती होती?" त्याच्या रकान्यात तेवढाच आकडा बसत होता. 'शून्यापासून' हा शब्द त्या दिवसाचा आहे. तो जसाच्या तसा लेखात आला, हे मान्य.

अमेरिकेचं म्हणाल तर अर्धं खरं. ऑगस्ट १९८१ मध्ये संपावरच्या अकरा हजारांहून जास्त कंट्रोलरना राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी घरी पाठवलं, तेव्हा टॉवर चालवायला लष्करातले कंट्रोलर आणून बसवले होते. आजही तिथे नवख्याला एकतिसाव्या वर्षाच्या आत भरती व्हावं लागतं, पण सलग ५२ आठवड्यांचा कंट्रोलरचा अनुभव असला तर पस्तिशीपर्यंत घेतात. लष्करातून येणाऱ्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र नेमणूक झाली तरी त्या जागेचं रेटिंग त्यांनाही नव्याने मिळवावं लागतं. आपल्याकडे प्राधिकरणाच्या कनिष्ठ अधिकारी (एटीसी) पदाची वयोमर्यादा २७. हवाई दलातल्या शॉर्ट सर्व्हिसची (ठरावीक मुदतीच्या अधिकारीपदाची) पहिली मुदतच दहा वर्षांची, वर चार वर्षं वाढवून मिळू शकतात. बाविसाव्या वर्षी गेलेली मुलगी बाहेर येते ती बत्तिशीत किंवा छत्तिशीत. माजी सैनिकांच्या सवलती धरल्या तरी हे गणित ओढूनताणूनच जमतं. आणि अधिकाऱ्याला पेन्शन वीस वर्षांच्या सेवेला. चौदा वर्षांवर एकरकमी पैसे हातात पडतात, तेवढेच.

मी आज एका खासगी विमानतळाच्या ऑपरेशन्समध्ये आहे. कोणतं विमान कुठे उभं करायचं, धावपट्टीवर पडलेला बोल्ट कोणी उचलायचा, धुक्याच्या सकाळी गर्दी कशी निस्तरायची. टॉवर मला काचेतून दिसतो. वाईट वाटतं का? जानेवारीत वाटतं.

राहता राहिला घाबरवण्याचा मुद्दा. तुमची मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, असं तुम्हीच लिहिलंय. हवाई दलाच्या प्रशासन शाखेला (एटीसी त्यातच येतं) कोणत्याही विषयाची पदवी चालते. प्राधिकरणाला बी.एस्सी. हवी तर भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात. गणित असेल तर पदवी हातात आली की तिच्यासाठी दोन्ही दारं उघडी आहेत. पुढे एकच उरेल. तिने एएफकॅट द्यावीच, पण प्राधिकरणाची जाहिरात आली की तोही फॉर्म भरावा. निवड झाली आणि तिने निळा गणवेश घेतला, तर पहिल्या नेमणुकीपासून आपल्या ड्यूट्या आणि परीक्षा यांचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेवावा, गोपनीय असेल ते सोडून. माझा सगळा हिशेब युनिटच्या रजिस्टरात राहिला. आणि सुटल्यावर काय करायचं याची तयारी शेवटच्या वर्षावर ढकलू नये.

लेखातलं 'शून्यापासून' खोडून 'नव्या रेटिंगपासून' केलंय, लोहगावबद्दलचा परिच्छेदही बदललाय. दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली, अशी ओळ खाली टाकली आहे. तुमचं नाव घातलेलं नाही, हवं असेल तर सांगा.