‘टेस्ट केलेला’ गर्भ म्हणजे गॅरंटीचं बाळ नव्हे

फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा तो फॉरवर्ड फिरला: ‘आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करताय? गर्भाची जेनेटिक टेस्ट कराच. बाळ शंभर टक्के निरोगी, यश दुप्पट, आणि हवं तर मुलगा!’ खाली अकरा अंगठे.

आधी ‘शंभर टक्के निरोगी’. फॉरवर्डमधली जेनेटिक टेस्ट म्हणजे बहुधा पीजीटी-ए. ही तपासणी गर्भाच्या पेशींतली गुणसूत्रं (क्रोमोसोम) मोजते, 46 आहेत की कमी-जास्त. डाउन सिंड्रोममधलं 21 क्रमांकाचं जादा गुणसूत्र तिला सापडतं. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार), ऑटिझम, हृदयातलं भोक हे मोजणीत दिसतच नाही. आणि मोजतात कुठे? पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भाच्या कवचाला लेझरने छिद्र पाडून बाहेरच्या थरातल्या पाच-सात पेशी काढतात. त्या थराची पुढे वार (प्लासेंटा) होते. बाळ घडतं आतल्या पुंजक्यातून. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीत पातेल्याच्या कडेचं! काढलेल्या पेशींत काही बऱ्या, काही बिघडलेल्या निघाल्या, तर रिपोर्टवर ‘मोझेक’ असा शेरा येतो. इटलीतल्या डॉक्टरांनी असे गर्भ 18 जणींच्या गर्भाशयात सोडले. सहा जणींना निरोगी बाळं झाल्याचं त्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे ‘नापास’ही अंतिम नाही.

‘यश दुप्पट’? चीनमध्ये 37 वर्षांपर्यंतच्या, किमान तीन चांगले गर्भ तयार झालेल्या 1212 जणींचा अभ्यास 2021 मध्ये आला. टेस्ट केलेल्या गटात 77.2 टक्के जणींना मूल झालं, न केलेल्या गटात 81.8 टक्के. चाळणीने गहू निवडता येतात, वाढवता येत नाहीत. चाळिशीला टेकलेल्या बाईचं गणित वेगळं असू शकतं, कारण त्या वयात सदोष गर्भांचं प्रमाण बरंच वाढतं. पण ते तिने आणि तिच्या डॉक्टरांनी मांडावं, आमच्या ग्रुपने नव्हे.

‘हवं तर मुलगा’ वाचून मात्र डोकं फिरलं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, 1988 मध्ये. गर्भधारणेआधीची लिंगनिवडही 2003 पासून केंद्राच्या कायद्यात गुन्हा आहे. दोन मुली असलेल्या एका जोडप्याने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. 2007 मध्ये ते फेटाळलं गेलं. अंगठेवाल्यांत एक वकीलही आहेत.

गंमत म्हणजे जिथे गर्भतपासणी खरंच कामाची, त्याचा फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे स्वतः ठणठणीत पण आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला मेजरचा, म्हणजे गंभीर आजाराचा, धोका 25 टक्के. त्यासाठीची टेस्ट निराळी, पीजीटी-एम. त्या घरातला जनुकाचा नेमका बिघाड आधी रक्तातून शोधून मगच ती करता येते. आणि आपण मायनर आहोत का, हे साध्या रक्ततपासणीत कळतं, लग्नाआधीही.