छुपे फायदे कसे शोधावेत

सॉफ्टवेअर घेऊन वर्ष झालं आणि नफा जागच्या जागी? घाबरू नका. फायदा झालेलाच असतो, फक्त छुपा असतो. परवाच आमच्या इंदूरच्या सियागंज बाजारातल्या पेढीवर एका टाय बांधलेल्या सल्लागाराने पोहे-जलेबी हाणता हाणता तो कसा शोधायचा ते शिकवलं. विद्या दिल्याने वाढते, तेव्हा घ्या.

खरेदीआधी काही म्हणजे काही मोजू नका. आधीचा आकडाच नसला की सुधारणा हवी तेवढी दाखवता येते.

आयकर खातं कॉम्प्युटरवर वर्षाला 40 टक्के घसारा देतं, म्हणजे त्याची किंमत कागदावर दरवर्षी तेवढी घटली असं धरतं. तिकडे बघू नका, मन खचतं.

अमेरिकेचे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो 1987 सालीच म्हणाले होते की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. सल्लागाराला हे ऐकवलं, तर म्हणतो, “बघा, म्हणजे छुपाच की!”

सगळ्यात दांडगा फायदा वाचलेल्या वेळेचा. एका बिलामागे 3 मिनिटं वाचली असं धरा, त्याला बिलांनी गुणा, मग पगाराने गुणा. झाले लाखो! पगारपत्रकात मात्र ते सापडणार नाहीत. कसे सापडतील? राजस्थानला जायचा हळदीचा ट्रक दारात उभा, आपला सर्व्हर झोपलेला, माल वाहून न्यायला लागणारं सरकारी ई-वे बिल निघेना. ड्रायव्हर शिव्या घालतोय, हेल्पलाइनवाली पोरगी ‘तिकीट रेज करा’ म्हणतेय. शेवटी मुनीमजींनी सरकारी पोर्टल उघडून एकेक रकाना हाताने भरला. वर रोज संध्याकाळी तीच बिलं ते लाल वहीत उतरवतात, कारण मशीनवर खुद्द मालकाचा भरवसा नाही! एकच काम दोनदा करून घ्यायचं आणि वर वेळ वाचला म्हणायचं?

‘निर्णयक्षमता वाढली’ हे अहवालात टाकाच. ते कोणी तपासत नाही.

जाऊ द्या, सरळच बोलतो. उधारी किती दिवसांनी येते, गोदामात माल किती दिवस पडून राहतो, चुकलेली बिलं किती परत येतात, एवढं खरेदीआधी लिहून ठेवायला काय झालं होतं? उधारी खरंच लवकर वसूल झाली तर बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तशी उचल घ्यायच्या) खात्यावरचं व्याज उतरतं, स्टेटमेंटमध्ये दिसतं. त्याला सल्लागार लागत नाही. पण लिहायचा तुम्हाला कंटाळा, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या पार्टीला घरदार हजर! वर दोष कोणाला, तर मुनीमजींना. ‘त्यांना जमत नाही’ म्हणे. ट्रेनिंग दिलंत अर्ध्या दिवसाचं, तेही ऐन दिवाळीच्या गर्दीत, गिऱ्हाईक समोर उभं असताना. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत बोलताना जरा तरी लाज वाटू द्या.