एमपीथ्रीचं फ्लॅक करणं बंद करा!

परत तेच! फोंड्यातल्या आमच्या गाणंवेड्या मंडळींपैकी कुणीतरी पेनड्राइव्ह हातात ठेवतं, "अभिषेकीबुवा आहेत, सगळं फ्लॅक!" (फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीच न गाळता साठवणारी फाइल; एमपीथ्री मात्र जागा वाचवायला काही भाग गाळते.) घरी येऊन स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या कमी-जास्त कंप्रतांचा आलेख, बघावा, तर १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखा सपाट काळोख. म्हणजे कुठलीतरी १२८ केबीपीएसची, कमी दर्जाची एमपीथ्री उचलली आणि फ्लॅक करून टाकली. अहो, एमपीथ्री होताना जे गेलं ते गेलं, ते कुठल्याही कन्व्हर्टरने परत येत नाही! फाइल तेवढी फुगते. तंबोऱ्याची आस विरलेली, झांजेची किणकिण चिरकी. वर सल्ला, "भारीतला डॅक (डिजिटल फाइलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) घ्या." डॅक काय करणार, जे फाइलमध्येच नाही ते वाजवणार?

सगळ्यात जीव जळतो तो मूळ कॅसेटसाठी. आपल्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते, आणि एमपीथ्री झाली म्हणून ती टाकूनही दिलेली असते! टेप हाताशी असेल तर एकदाच, थेट फ्लॅकमध्ये उतरवा ना. गाडीत ऐकायला त्यातून हव्या तेवढ्या एमपीथ्री काढा. उलटं नाही होत हो! आणि निदान फाइलच्या नावात खरं काय ते लिहा.