कॉन्स्टेबल ‘कॅलेंडरछाप’ आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत: टर्नरसारखा वादळी चित्रकार असताना मी त्याच्याच काळातल्या जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश निसर्गचित्रकाराच्या ‘कॅलेंडरछाप’ गावचित्रांवर एवढं का लिहिलं, आणि त्याच्या चित्रांत राबणाऱ्यांचे हाल का दिसत नाहीत.

कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ (गवताची गाडी) हे चित्र इतक्या वेळा छापलं गेलंय की ते गुळगुळीत वाटणारच. पण १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत ते लागलं, तेव्हा त्याला गिऱ्हाईकही मिळालं नाही. सहा फुटी कॅनव्हास आणि त्यावर काय, तर स्टूर नदीच्या उथळ पाण्यातली रिकामी गाडी, काठावर एक कुत्रं, शेजाऱ्याचं घर! एवढा आकार तेव्हा पुराणकथा आणि लढायांसाठी राखलेला असे. कॉन्स्टेबलनं तो वडिलांच्या गिरणीजवळच्या पाण्याला दिला. हे धाडस टर्नरच्या वादळांहून कमी नाही, असं माझं ठाम मत आहे.

१८२४ मध्ये हेच चित्र पॅरिसच्या ‘सलॉन’ या मोठ्या सरकारी प्रदर्शनात गेलं आणि कॉन्स्टेबलला सुवर्णपदक मिळालं. ते पाहून देलाक्रवा या फ्रेंच चित्रकारानं आपल्या ‘किऑसची कत्तल’ या चित्रावर पुन्हा ब्रश चालवला. कॉन्स्टेबलची कुरणं सपाट एका हिरव्यानं रंगवलेली नसतात, अनेक हिरवे मिळून ती होतात, हे मर्म देलाक्रवानं पुढे रोजनिशीत टिपून ठेवलं. फ्रान्समधल्या बार्बिझोन गावी निसर्गचित्रं काढणाऱ्या चित्रकारांनीही कॉन्स्टेबलकडून घेतलं. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या काळात मोने आणि पिसारो हे इम्प्रेशनिस्ट चित्रकार लंडनला आले, तेव्हा त्यांनी टर्नर पाहिला तसा कॉन्स्टेबलही पाहिला. मग आपणच दोघांतला एक का निवडायचा?

आणि ते ढग! १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला कॉन्स्टेबल उघड्यावर बसून नुसतं आकाश रंगवायचा आणि मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवायचा.

तुमचा दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. १८२२ मध्ये पूर्व इंग्लंडात शेतमजुरांचे दंगे झाले. ‘हे वेन’मध्ये गवत कापणारे मजूर आहेत, पण दूर, उजव्या कडेला, ठिपक्यांएवढे. गिरणीमालकाच्या मुलाची ती नजर आहे. वाऱ्याची दिशा टिपणाऱ्या माणसाला मजुरांचे चेहरे रंगवावेसे वाटले नाहीत, हे मला खटकतं आणि खटकत राहील. त्यामुळे त्याची हिरवळ खोटी ठरत नाही, एवढंच माझं म्हणणं.

‘कॅलेंडरछाप’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. याच चित्राचा पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो एकदा बघा, त्यातले ब्रशचे भरभर मारलेले फटकारे बघा, आणि मग पुन्हा लिहा.